'शिथिल' म्हणजे भूल नव्हे

कोथरूडहून एका वाचकाने विचारलंय: आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर 'बधिरीकरण' आणि 'स्नायू शिथिलक' असं वेगवेगळं छापलंय. दोन्ही म्हणजे भूलच ना?

पहिलं भूलच. दुसरं नाही, आणि घोळ 'शिथिल'ने घातलाय. हा शब्द आपल्याला शवासनातून माहीत ('शरीर शिथिल सोडा') किंवा लॉकडाउनच्या बातम्यांतून. शवासनात श्वास चालू असतो. या औषधाने मात्र नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. पोट सैल पडून सर्जनची सोय होते, पण श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यायचा. 'व्हेंटिलेटर' ऐकून घरचे धसकतात, तो हाच. ऑपरेशनपुरता.

शिवाय या औषधाने झोप लागत नाही की दुखायचं थांबत नाही. याचा मूळपुरुष क्युरारे, दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष. १९४२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन या डॉक्टरांनी ते भुलीच्या जोडीला वापरलं. पुढे स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी भूल न घेता ते स्वतःला टोचून घेतलं आणि १९४७ मध्ये तो अनुभव छापला: बोटही हलेना, पण सगळं ऐकू येत होतं, टोचलेलं कळत होतं. म्हणून आधी भूल, मग हे.

'बधिर' मूळचा कानाचा शब्द, 'मूकबधिर'मधला. मराठीत तो त्वचेवर उतरला. दाढ काढताना जागा बधिर करतात, माणूस जागा राहतो. तरी आपण त्यालाही 'भुलीचं इंजेक्शन' म्हणतो. उलट मेडिकल कॉलेजच्या पाटीवर 'बधिरीकरणशास्त्र' असतं आणि त्यात पूर्ण भूलही येते. तुमच्या कागदावरचा शब्द त्या पाटीवरचा. बोलण्यातली 'भूल' मला कितीतरी बरी वाटते. 'चूकभूल'मधलीच ती, भान सुटण्याची.

माझं विचाराल तर कागदावर 'स्नायू तात्पुरते लुळे करणारं औषध' असं छापावं. 'लुळे' वाचून लोक घाबरतील हे खरं, पण मग 'तात्पुरते' ठळक करा आणि शेवटी उताऱ्याचं औषध देतात हेही लिहा.

भूलतज्ज्ञ आईंना तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतील. ती तपासणी त्या नळीसाठी. कवळी किंवा हलणारा दात असेल तर तेव्हाच सांगा.