पीएच.डी. अर्धवट सोडू का?

प्रश्न : मी मुंबईतील एका संस्थेत जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत असून हे माझे चौथे वर्ष आहे. बाळ पाच महिन्यांचे आहे. बाळंतपणाच्या वेळी मार्गदर्शकांनी ‘सावकाश या’ असे सांगितल्यामुळे मी लेखी अर्ज केला नाही. आता पेशीसंवर्धनाचे (प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवण्याचे) प्रयोग पुन्हा सुरू करायचे, तर प्रवास धरून जवळजवळ बारा तास घराबाहेर राहावे लागेल. सासूबाई बाळाला सांभाळायला तयार आहेत, पण त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. नोंदणी रद्द करून बाळ शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पाहावे, असे घरच्यांचे मत आहे. मी काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नोंदणी रद्द करू नका. मार्गदर्शक भले आहेत, परंतु त्यांच्या तोंडी परवानगीची नोंद कुठेच नाही आणि उद्या प्रगती अहवाल मागितला गेला, तर हे पाच महिने तुमची दिरंगाई म्हणून मोजले जातील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या संपूर्ण काळात महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत मातृत्व वा बालसंगोपन रजा मिळू शकते. शिवाय प्रबंध सादर करण्याच्या कमाल मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत देता येते. म्हणून याच आठवड्यात बाळाचा जन्मदाखला जोडून, मागील तारखेपासून रजा मंजूर करावी असा विनंती अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने विभागात द्या आणि त्याची पोच घ्या. रजेच्या काळातील फेलोशिपबद्दलही (विद्यावेतनाबद्दलही) त्याच वेळी लेखी विचारणा करा.

आता प्रयोगांविषयी. पेशीसंवर्धन म्हटले की दर दोन-तीन दिवसांनी पेशींचे पोषक माध्यम बदलणे आले, आणि त्या पेशी कुणाच्या सोयीसाठी थांबत नाहीत, हे खरे आहे. पण त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास, गोठवून ठेवता येतात आणि हवे तेव्हा पुन्हा वाढवता येतात. त्यामुळे प्रयोग सलग न ठेवता टप्प्याटप्प्याने आखा : काही आठवडे प्रयोगशाळेत, मग पेशी गोठवून काही आठवडे घरी बसून आकडेवारीचे विश्लेषण आणि प्रबंधातील पूर्वसंशोधनाचे प्रकरण. अशी कामाची विभागणी कागदावर मांडून मार्गदर्शकांकडे गेलात, तर त्यांनाही निर्णय घेणे सोपे जाईल. तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल, तर किरणोत्सर्गी किंवा विषारी रसायनांचे काम सध्या दुसऱ्याकडे सोपवावे, हेही त्यांना स्पष्टपणे सांगा. काढलेले दूध प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका. त्यासाठी खाद्यपदार्थांचाच फ्रीज हवा.

५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने बंधनकारक केले आहे. मात्र फेलोशिपवरील विद्यार्थिनीला सहसा कर्मचारी मानले जात नाही, आणि ही त्रुटी मला फार खटकते. तुमच्या संस्थेत पाळणाघर असेल, तर ते विद्यार्थिनींनाही खुले करावे, अशी मागणी इतर मुलींना सोबत घेऊन करा. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईत संसार सांभाळून नीरेवर संशोधन केले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु अशा असामान्य बाईंचे उदाहरण देऊन संस्थांना आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, मार्गदर्शक आहेत, पण बाळाच्या वडिलांविषयी एक ओळही नाही. सासूबाईंचे गुडघे दुखत असताना दिवसभराचे बाळ त्यांच्या एकट्यांवर टाकणे त्यांच्यावरही अन्यायाचे ठरेल. बाळाचे उष्टावण आता जवळ आले आहे. त्यानंतर भरवण्याचे काम वडीलही तितक्याच मायेने करू शकतात. तुमचे प्रयोग चालू असतील त्या आठवड्यांत सकाळची वा संध्याकाळची जबाबदारी त्यांनी पूर्णपणे घ्यावी, आणि हे तुम्ही दोघांनी मिळून सासूबाईंना सांगावे.

‘शाळेत जाऊ लागल्यावर पाहू’ या सल्ल्यातील अडचणही घरच्यांना समजावून सांगा. खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत, पण स्वतंत्र प्रकल्प मिळवण्यासाठी त्यांत साधारणपणे डॉक्टरेट पदरी असावी लागते. डॉक्टरेटनंतर तुम्ही दोन-तीन वर्षे घरी थांबलात, तरी तो मार्ग तुम्हाला खुला राहील; चौथ्या वर्षी नोंदणी रद्द केलीत, तर मात्र प्रवेश परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.