गोव्यात आदिवासी आहेत का? असतील तर आज त्यांचं स्थान काय?

आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची सुमारे १० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या तिघांना हा दर्जा मिळाला तो मात्र २००३ मध्ये. धनगर-गवळी अजून बाहेरच आहेत.

जंगलातच राहणारा तो आदिवासी, हे चित्र इथे चालत नाही. गावडा हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. शिक्षक, सरकारी नोकर, आमदार, मंत्री सगळीकडे दिसतात. (पर्यटकांना मात्र कुणबी साडी आणि रंगमंचावरचं नृत्य एवढंच दिसतं!)

खरा प्रश्न जमिनीचा आहे. काणकोण, केपे, सांगे या भागांत डोंगरउतारावर पिढ्यानपिढ्या कुमेरी (झाडोरा तोडून-जाळून केलेली फिरती) शेती करणाऱ्या अनेकांच्या नावावर ती जमीन नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करता येतो, पण ग्रामसभा, मोजणी, उपविभागीय समिती, जिल्हा समिती या फेऱ्यांत वर्षं जातात.

हक्कांसाठी २५ मे २०११ ला दक्षिण गोव्यातल्या बाळ्ळीत आंदोलन झालं, त्यात दोन तरुणांचा जीव गेला. विधानसभेच्या ४० जागांत जमातींसाठी राखीव जागा देण्याचं विधेयक संसदेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं.