रिकामा बार उचलायची लाज

"जिममध्ये पाठ गेली, मॅडम. आता संपलं सगळं." हे इतक्या तरुण मुलांकडून ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "एमआरआय बघता का?" मी समुपदेशक, ते माझं काम नाही असं सांगूनही मोबाइल पुढे येतोच.

त्यातल्याच एकाची गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उचलण्याचा व्यायाम, मारताना कमरेत कळ आली आणि डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या. कमरेच्या एल-फोर, एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी फुगून नस दबलेली. ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पायाचं दुखणं दोन-तीन महिन्यांत बरंच उतरलंही. पण वाकायची भीती जाईना. एकदा त्याच्या हातून पेन पडलं. एक हात खुर्चीच्या पाठीवर, गुडघा हळूहळू जमिनीला, श्वास रोखलेला.

"आत्ता दुखलं?"

"नाही. पण दुखेल असं वाटलं."

अशांना मी आधी थोडी माहिती देते, कारण निम्मी भीती रिपोर्टच्या भाषेतून येते. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. शिवाय बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांत काही महिन्यांत शरीरच शोषून घेतं. हे ऐकून तो मान डोलवायचा, आणि घरी जाऊन पुन्हा आडवा व्हायचा.

फिजिओथेरपिस्टनं रिकाम्या, वजनं न लावलेल्या बारनं सुरुवात करायला सांगून बरेच आठवडे झाले होते. हा जिमकडे फिरकला नव्हता.

"अडलंय कुठे?"

"पाठ अजून तयार नाही."

मी गप्प राहिले. अशा वेळी घाईनं धीर न देणं मला आता चांगलं जमतं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी १४० किलो मारायचो. तिथल्या पोरांना फॉर्म मीच शिकवायचो. आता २० किलोचा रिकामा बार उचलताना ती बघणार."

"बघितलं तर?"

"तर मी कोण?"

खरं दुखणं हे होतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज जास्त छळतो, हे मला रोज दिसतं. 'पूर्वीइतकं उचललं तरच मी कुणीतरी' हा त्याचा समज. याच हट्टापायी मध्यंतरी एकदा बरं वाटताच त्यानं घरी थेट जुनं वजन लावलं होतं आणि आठवडाभर झोपून काढला होता. अंथरूण धरणं आणि अतिरेक, दोन्हींचं मूळ एकच होतं.

मग आम्ही पाठीचा विषय बाजूला ठेवला आणि लाजेवर काम केलं. ठरलं असं की त्यानं मुद्दाम गर्दीच्या वेळी जायचं, रिकामा बार उचलायचा आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं. तो गेला. दोघांनी विचारलं. त्यातल्या एकाची पाठ त्याच्याआधीच गेलेली निघाली! हे सांगताना तो पहिल्यांदा खळखळून हसला.

तुमचंही असंच असेल तर वजन वाढवण्याचा निर्णय फिजिओबरोबर घ्या, त्या दिवशीच्या उत्साहाबरोबर नको. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीइतकं झालं, तर सहसा चिंता नसते. दुखणं पायात आणखी खाली उतरू लागलं तर मागच्या, हलक्या वजनावर या. दीर्घ विश्रांतीनं स्नायू दुबळे होतात आणि भीती बळकट. घरच्यांनीही हातातली प्रत्येक पिशवी हिसकावून घेऊ नये. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर समुपदेशकाकडे नको, ताबडतोब रुग्णालयात जा.

तो सध्या ६० किलोवर आहे. १४० पुन्हा होतील का, हे तो अजून विचारतो, पण आता शेवटी, निघताना.