सांगलीत हळदीची अडत आहे, रोज भाव बदलणारी वेबसाईट करायचीय. पीएचपी घेऊ का नोड, आणि होस्टिंग कसलं?

पीएचपी-मायएसक्यूएल (पान बनवणारी भाषा आणि भाव साठवणारा डेटाबेस) आणि साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साईट) घ्या, तेवढ्यात तुमचं आरामात भागतंय. मार्केट यार्डातल्या दोन पेढ्यांच्या साईट मी बघतो, सौदा झाला की दिवाणजी मोबाईलवरनंच राजापुरी हळदीचा भाव भरतात आणि कुणी पान उघडलं की पीएचपी डेटाबेसमधनं तो ताजा आकडा उचलून दाखवतं, बास एवढंच काम असतंय. नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय, वाईट नाही ओ, पण त्याची प्रोसेस कायम चालू ठेवावी लागते, स्वस्तातल्या शेअर्ड प्लॅनवर ते बऱ्याचदा जमत नाही, मग व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर, घ्या आणि अपडेट, बॅकअप, सिक्युरिटी सगळं स्वतःच्या गळ्यात.

घेताना एवढं बघा:
- दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल किती ते आधी विचारा, पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका
- डोमेन स्वतःच्याच नावावर, साईट करणाऱ्या पोराच्या नाही
- डेटाबेसचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ (utf8mb4) ठेवा, चुकीचं असलं तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात

फक्त उद्या लिलावाची बोली सेकंदासेकंदाला लाईव्ह दाखवायची असेल तर मात्र नोड आणि व्हीपीएसच बघा.