शब्दांच्या खेळात घरात वाद झाला तर नियम कुणाचा धरायचा?

तुमचा प्रश्न मी असा समजले: सासरे स्क्रॅबलमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या बोर्डवर जोडून शब्द करायच्या खेळात, 'क्यूआय'सारखे (QI) दोन अक्षरी शब्द लावतात, अर्थ विचारला की चिडतात, मुलं हळूच मोबाइलवर शब्द शोधतात आणि दर रविवारी डाव अर्ध्यावर मोडतो. मग नियम कुणाचा?

आधी सासऱ्यांची बाजू घेते. क्यूआय चालतो. चिनी विचारातली प्राणशक्ती असा त्याचा अर्थ आहे. क्यूचे 10 आणि आयचा 1, असे सरळ 11 गुण होतात. अर्थ सांगितलाच पाहिजे अशी सक्ती स्क्रॅबलमध्ये नाही. ठरलेल्या डिक्शनरीत शब्द असला की पुरे. मुलांचं मात्र चुकतंय. डिक्शनरी उघडायची ती कुणी आक्षेप घेतल्यावर. आपली पाळी यायच्या आधी शब्द शोधण्यासाठी नाही.

सगळं अडतं ते 'ठरलेल्या' या शब्दावर. बहुतेक घरांत डिक्शनरी ठरलेलीच नसते. आमच्याकडेही नव्हती आणि त्याची किंमत अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मोजली.

आमचं घर नाशिकच्या पंचवटीत. मे महिन्यात नणंदेचा मुलगा पुण्याहून येतो आणि मग दुपारभर जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडलेला असतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णांनी एल-ए-के-एच अशी अक्षरं लावली, लाख. मूळ 11 गुण आणि शब्द बोर्डवरच्या दुपटीच्या घरावर, जिथे शब्दाचे गुण दुप्पट होतात, म्हणून 22. भाचा म्हणाला, "आजोबा, हा मराठी शब्द आहे, इंग्रजी नाही." शाळेतली छोटी डिक्शनरी काढली, त्यात सापडला नाही. अण्णांनी काही न बोलता चारही अक्षरं उचलून आपल्या पट्टीवर ठेवली. पाळी गेली. थोड्या वेळाने ते पाणी प्यायला उठले ते परत आलेच नाहीत.

रात्री मी स्क्रॅबलच्या स्पर्धांत वापरतात ती कॉलिन्सची शब्दयादी पाहिली. त्यात लाख होता. क्रोर, रोटी, घी, अगदी दालसुद्धा होता. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला आम्ही पॉकेट डिक्शनरी दाखवून गप्प केलं होतं, तेही त्यांचा शब्द बरोबर असताना. सकाळी चहाच्या वेळी मी ते अण्णांना दाखवलं. त्यांनी आदल्या दिवसाचा गुणांचा कागद मागून घेतला, आपल्या नावापुढे 22 लिहिले आणि बेरीज पुन्हा केली. भाच्याने पायांना हात लावून माफी मागितली. तेव्हापासून सोंगट्यांची पिशवी उघडण्याआधी डिक्शनरीचं नाव मोठ्याने सांगायचं, हा आमच्या घरचा पहिला नियम झाला.

दुसरा वाद आक्षेपाच्या दंडावरून होतो. आक्षेप घेतला आणि शब्द बरोबर निघाला, तर? अमेरिकेतल्या स्पर्धांत आक्षेप घेणाऱ्याची पाळी जाते. इतर बऱ्याच ठिकाणी 5 किंवा 10 गुणांचा दंड असतो. तुमच्या घरात लहान मुलं आहेत, तर 5 गुण पुरेत. दंड अजिबात नसला तर प्रत्येक शब्दाला कुणीतरी हरकत घेतं आणि मोठ्या माणसांना ते अपमानासारखं वाटतं. सासरे अर्थ विचारल्यावर चिडतात, त्याचं कारण बहुधा हेच असावं. 'हा शब्द खरंच आहे का?' असं फुकट विचारता येतं, म्हणून ते सारखं विचारलं जातं.

बाकीचे नियम झटपट सांगते. कोरी सोंगटी ज्या अक्षराच्या जागी लावली, डाव संपेपर्यंत तेच अक्षर. तिचे गुण शून्य. अक्षरं बदलून घ्यायची तर पिशवीत निदान 7 उरलेली हवीत. दुपटी-तिपटीचं घर फक्त त्यावर पहिल्यांदा अक्षर पडतं तेव्हाच मोजायचं. सातही अक्षरं एकदम लावली तर वर 50 गुण. यावरून भांडण होऊच नये, हे सगळं डब्यातल्या कागदावर असतं.

पण आमच्याकडचा खरा वाद पुढे झाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अण्णा म्हणाले, मराठीत खेळूया. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930च्या दशकात हा खेळ तयार करताना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली होती. तसंच आम्ही एका मराठी दैनिकाचं पहिलं पान घेऊन बसलो. र, त, न, क, ल, स भराभर सापडत होते. झ, ढ, ठ शोधावे लागले. त्या हिशोबाने पुठ्ठ्याच्या सोंगट्या कापल्या. काना, मात्रा, वेलांटी पेन्सिलीने काढायची आणि डाव संपला की खोडायची. जोडाक्षर एकाच घरात.

तिसऱ्याच डावात ठिणगी पडली. अण्णांनी 'कवि' लावला, ह्रस्व वेलांटी देऊन. माझ्या मुलीला त्याच 'व'वरून खाली 'वीज' करायचा होता. तिला दीर्घ हवी होती. ती म्हणाली, कवी दीर्घच असतो. अण्णा म्हणाले, "कविता ह्रस्व, कविराज ह्रस्व, मग कवी दीर्घ कुठून आला?" त्यांचा आवाज चढला. मुलगी रडवेली झाली.

मी दोघांनाही थांबवलं, कारण दोघांकडेही आधार होता. मराठीत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा नियम शासनमान्य शुद्धलेखनात 1962 साली आला. अण्णा त्या वर्षी मॅट्रिकला होते. त्यांनी पाटीवर गिरवलेला 'कवि' चूक नव्हता, तेव्हा तोच बरोबर होता. 'नांव', 'गांव', 'कांहीं' हे अनुस्वारही त्यांच्या हातून अजून सुटत नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ त्या सोंगटीकडे बघत राहिले. मग त्यांनी रबर घेऊन स्वतःच ह्रस्व वेलांटी खोडली आणि दीर्घ काढली. मुलीने 'वीज' पुरा केला.

त्या डावानंतर मराठी खेळासाठी आम्ही एक नियम स्क्रॅबलच्या उलट केला. इथे आक्षेप आला तर अर्थ सांगायचाच आणि ज्याने शब्द लावला त्यानेच तो सांगायचा. अण्णांनी 'आढी' लावला तेव्हा मुलांना वाटलं ते 'आधी' चुकीचं लिहितायत. मग अण्णांनी गवतात आंबे कसे लावायचे, रोज हात घालून कुठला पिकला ते कसं बघायचं, वासावरून कसं कळतं, हे सगळं सांगितलं. डाव अर्धा तास थांबला. कुणाची तक्रार नव्हती. कोशात बघायचं तर आम्ही मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश धरतो. त्याची 1857 ची आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते आणि हे असले जुने शब्द तिथे हमखास भेटतात. त्यातही नसेल तर अण्णा शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन दाते-कर्व्यांच्या कोशात बघून येतात. 1840 पासूनचं वाचनालय आहे ते. तिकडे जायला त्यांना आता हे एक कारण मिळालंय.

तुम्ही असं करा. येत्या रविवारी खेळ मांडण्याआधी डिक्शनरी कुठली, आक्षेपाला दंड किती आणि मोबाइल कुठल्या खोलीत ठेवायचे, हे तिन्ही सासऱ्यांना विचारा आणि त्यांच्याच हाताने डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून घ्या. आमच्या झाकणावर अण्णांचं अक्षर आहे. त्यातलं पहिलं वाक्य 'नांव आधीं सांगावें' असं आहे, अनुस्वारांसकट. ते आम्ही कुणी दुरुस्त केलेलं नाही.