मोठ्या अटॅकमध्ये अँजिओप्लास्टी हातातून बरी की मांडीतून?

तुमचा प्रश्न असा की वडिलांना मॅसिव्ह अटॅक आला, डॉक्टरांनी आधी हातातून सुरुवात केली आणि मग मांडीतून अँजिओप्लास्टी केली, शेजारच्या काकांची तर हातातूनच झाली आणि ते संध्याकाळी उठून बसले होते, मग आपल्या डॉक्टरांना हातातून जमलं नाही का?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. वडिलांच्या केसवर काही बोलणार नाही, पण टेबलाच्या बाजूला उभं राहून जे बघतो ते सांगतो.

दोन्हीकडून पोचायचं एकाच ठिकाणी असतं, हार्टच्या बंद पडलेल्या नसेत, फक्त रस्ता वेगळा. मनगटातली रेडियल म्हणजे आपण नाडी बघतो तीच, दोन-अडीच मिलिमीटरची, कातडीच्या लगेच खाली आणि मागे हाड. रक्त आलं तर डोळ्यासमोर येतं आणि बोटाने दाबलं तरी थांबतं. शिवाय हाताला दुसरी अल्नार नस असतेच, त्यामुळे नंतर रेडियल बंद झाली तरी बहुतेकांना पत्ताही लागत नाही. मांडीतली फेमोरल चांगली जाड, पण खोल, आणि पेशंट जाडा असेल तर विचारूच नका.

आता अटॅकच्या पेशंटच्या अंगात काय काय गेलेलं असतं बघा, अ‍ॅस्पिरिन, टिकाग्रेलोर, हेपॅरिन, आणि तालुक्याच्या गावाहून आला असेल तर तिथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पण दिलेलं असतं. म्हणजे रक्त गोठू नये याची आपणच पूर्ण व्यवस्था केलेली असते आणि वर जाड नसेला भोक. पंक्चर जरा वर लागलं तर रक्त पोटाच्या मागे साठतं, बाहेर काहीच दिसत नाही. मी आधी एका ठिकाणी होतो तिथे एका आजोबांचं असंच झालं होतं. स्टेंट एकदम झकास बसला, सगळे खूश, आणि तीन तासांनी आजोबा म्हणतात कंबर दुखतेय. ड्युटीवरच्या मुलाला वाटलं पाठीवर पडून पडून दुखत असेल. बीपी ७० वर आलं तेव्हा धावपळ. चार बाटल्या रक्त चढवलं, वाचले, पण हार्टमुळे नाही तर मांडीतल्या भोकामुळे जाता जाता राहिले. तेव्हापासून मांडीवाल्या पेशंटने कंबर म्हटलं की मी आधी बीपी बघतो.

म्हणून हातातून. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या लुसियां कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली, १९९२ पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या किमेनेय यांनी अँजिओप्लास्टी. मोठ्या अटॅकमध्ये हा प्रकार चालतो का यावर पुढे बरेच अभ्यास झाले. २०११ च्या रायव्हल नावाच्या अभ्यासात ७,०२१ पेशंट होते, सगळे मिळून दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या पण ईसीजीत एसटी वर गेलेल्या मोठ्या अटॅकवाल्यांमध्ये मृत्यू हातातून १.३ टक्के आणि मांडीतून ३.२. इटलीच्या १,००१ पेशंटच्या अभ्यासातही हातवाले पुढे. मग सगळ्यांनी हाताचा झेंडा उचलला, युरोप-अमेरिकेच्या गाइडलाइन्समध्येही हातच पहिला.

आणि मग २०२० मध्ये कॅनडाचा सफारी-स्टेमी नावाचा अभ्यास आला, २,२९२ पेशंट, सगळे मोठ्या अटॅकचे, ३० दिवसांत मृत्यू हातातून १.५ आणि मांडीतून १.३. फरकच नाही! तिथे बहुतेकांना हेपॅरिनपेक्षा कमी रक्तस्राव करणारं औषध दिलं होतं आणि मांडीचं भोक बऱ्याच जणांत क्लोजर डिव्हाइसने बंद केलं होतं. माझ्या मते याचा अर्थ हात वाईट असा नाही, तर मांडी नीट केली तर ती एवढी वाईट नाही असा आहे. पण आपल्याकडे ते औषध आणि ते डिव्हाइस प्रत्येक पेशंटला परवडत नाही, त्यामुळे आपल्यासाठी हातच बरा असं मला वाटतं.

आता तुमच्या वडिलांसारख्यांचं. कधीकधी हातातून सुरू करतात आणि नस आखडते, स्पाझम म्हणतात त्याला, आत गेलेला कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, कोणीतरी मुठीत धरल्यासारखा अडकतो, ओढला तर पेशंट ओरडतो. आपण कॉकटेल देतो, म्हणजे नस सैल करणारी नायट्रोग्लिसरीन, व्हेरापॅमिल वगैरे औषधं, पाच मिनिटं थांबतो, कधी सुटतो कधी नाही. कोणाच्या नसेला वर वेटोळं असतं, वायर खांद्यापर्यंत जातच नाही. आणि पेशंट शॉकमध्ये असेल, बीपी ६०-७०, तर मनगटाला नाडीच लागत नाही, शिवाय हार्टला आधार देणारा बलून पंप लावायची वेळ आली तर तो मांडीतूनच जातो. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या नसा) असलेल्या हाताला तर कोणी हातच लावत नाही.

आणि हे सगळं चालू असताना घड्याळ पळत असतं, पेशंट दारात आल्यापासून बंद नसेत फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटं म्हणतात त्यातली अर्धी तर सह्या आणि लिफ्टमध्येच जातात. आमच्या सरांचा हिशोब सरळ आहे, मनगटात दोनदा नाही लागली की मांडी. ते तोंडाने काही बोलत पण नाहीत, नुसती हनुवटी खाली करतात. म्हणून मी अटॅकच्या प्रत्येक केसला मनगट आणि उजवी जांघ दोन्ही बीटाडिनने रंगवून झाकून ठेवतो, रात्री तीनला सुद्धा. मला विचाराल तर वेळेत रस्ता बदलणारा डॉक्टर बरा, हट्टाने हातातच वीस मिनिटं घालवणारा नको. उलट आता काळजी वाटते ती नवीन डॉक्टरांची, सगळं हातातूनच शिकल्यामुळे मांडीची सवयच नाही, आणि नेमका सगळ्यात सिरियस पेशंट मांडीतून करायला लागतो.

वडील घरी आले असतील तर जांघेत हात लावून बघा. थोडं काळं-निळं असणं चालतं, ते मांडीवर खाली उतरत जातं, दोनेक आठवड्यांत जातं. पण सुपारीएवढी गाठ लागली आणि ती नाडीसारखी उडत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी नेऊन डॉपलर, म्हणजे नसेची सोनोग्राफी, करून घ्या. आणि गाठ भराभर वाढत असेल, रक्त येत असेल किंवा कंबर दुखून चक्कर येत असेल तर सरळ कॅज्युअल्टी गाठा, गाठीवर तळहाताने दाबून धरा आणि त्यांना चालवत नेऊ नका.