मोबाईल कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात का?

तुम्ही लिहिलंय की तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचा बारा-तेरा हजारांचा अँड्रॉइड फोन अपडेटनंतर अडकायला लागला, आणि दुकानदार म्हणतो कंपनीच करते असं, नवीन घ्या. दुकानदाराला नवीन विकायचाच असतो, ते सोडा. पण माणूस अगदीच हवेत बोलत नाहीये. एक मोठी कंपनी खरंच सापडली होती, फक्त लोक सांगतात ती गोष्ट अर्धी असते.

२०१७ चा डिसेंबर. रेडिटवर एकाने टाकलं की माझा आयफोन ६एस जाम स्लो झाला होता, बॅटरी बदलली आणि एकदम पळायला लागला. आता बॅटरीने बॅकअप वाढेल, स्पीड कसा काय वाढेल? मग फोनचा वेग मोजणारं गीकबेंच ॲप बनवणाऱ्या जॉन पूलने लोकांच्या फोनचे स्कोअर काढून ग्राफ टाकले. एकाच मॉडेलचे सगळे फोन साधारण एकाच स्कोअरच्या आसपास यायला पाहिजेत ना, पण आयओएस (आयफोनची सिस्टीम) १०.२.१ च्या अपडेटनंतर ६एसच्या ग्राफमध्ये खाली खाली वेगळे उंचवटे दिसायला लागले, म्हणजे काही फोनचा वेग ठरवून कुठल्यातरी पायरीवर अडवलेला. हे बाहेर आल्यावर दोनच दिवसांत ॲपलने मान्य केलं की हो, सॉफ्टवेअरमधून आम्हीच करतो.

कारण मात्र पटण्यासारखं होतं. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, मग प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं आणि ३०-४० टक्के चार्ज दिसत असताना फोन बंद. टाकीत पाणी आहे पण नळाला प्रेशर नाही, तसं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी प्रोसेसरचा वरचा वेगच कापला. इंजिनिअरिंग म्हणून मला यात काही चूक वाटत नाही, भर रस्त्यात फोन बंद पडण्यापेक्षा जरा हळू चाललेला परवडला.

चूक पुढची आहे. सांगितलंच नाही! ज्या माणसाचं काम साध्या बॅटरीत भागलं असतं तो पन्नास-साठ हजार घालून नवीन आयफोन घेऊन आला, कारण त्याला वाटलं फोनच म्हातारा झाला. मुद्दाम अपग्रेड करायला लावलं हा आरोप ॲपलने कधीच कबूल केला नाही, पण माफी मागितली, २०१८ सालापुरती बॅटरी बदलायची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणली, आपल्याकडे साडेसहा हजारांवरून दोन हजार अधिक टॅक्स, आणि आयओएस ११.३ मध्ये बॅटरी हेल्थ दाखवायला लागले. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड केला तो सुद्धा ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून. अमेरिकेत वेगळं प्रकरण झालं, तिथे ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड.

आणि फक्त ॲपल नाही बरं का. इटलीने २०१८ मध्ये सॅमसंगलाही ५० लाख युरो दंड लावला होता, गॅलेक्सी नोट ४ वाल्यांना नवीन अँड्रॉइडचं अपडेट घ्या घ्या म्हणून मागे लागले होते जे त्या हार्डवेअरला झेपत नव्हतं. अलीकडे २०२५ च्या जानेवारीत गुगलने पिक्सेल ४ए ला अपडेट दिलं आणि काही फोनांची बॅटरी निम्मीशिम्मी चालायला लागली, पण तिथे निदान आधी सांगितलं होतं आणि बॅटरी फुकट बदलून किंवा पैसे असे पर्याय दिले.

आता तुमचा फोन. स्वस्त अँड्रॉइडमध्ये कोणी छुपा ब्रेक लावला असेल असं मला वाटत नाही कारण त्यांना गरजच नाही हो, दोन वर्षांनी मोठी अपडेट्स बंद केली की काम आपोआप होतं. शिवाय या फोनांमध्ये बऱ्याचदा ईएमएमसी नावाचं स्वस्तातलं स्टोरेज असतं, ते आधीच हळू आणि भरत आलं की आणखी रडतं. त्यात आमच्यासारखे लोक, मी पुण्यात ॲप बनवायच्या कामात आहे, ऑफिसात टेस्टिंगचे फोन असतात पण रोज हातात असतो तो चांगल्या रॅमचा, त्यामुळे जे ॲप आम्हाला झकास वाटतं ते ३-४ जीबी रॅमवर धापा टाकतं. प्रत्येक व्हर्जनला थोडं जड, आणि हलकं करायचं काम प्लॅनिंगमध्ये नेहमी शेवटी, कारण जुन्या फोनवाला ग्राहक जास्त खर्च करत नाही असं वरच्यांचं गणित. तुमचा फोन आहे तसाच आहे, त्याच्यावर लादलेलं ओझं वाढलंय. मला विचाराल तर या पापात कंपन्यांपेक्षा आमचा वाटा मोठा आहे, पण शिव्या कंपन्याच खातात.

करायचं काय तर, अपडेट नुकतंच आलं असेल तर दोन-तीन दिवस थांबा, मागे ॲप्स पुन्हा सेट होत असतात. मग स्टोरेज बघा, निदान पाचवा हिस्सा रिकामा पाहिजे, व्हॉट्सॲपमधले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ उडवले तरी बरंच निघतं. उन्हाळ्यात जाड कव्हर घालून चार्जिंगला लावून वापरू नका, तापला की प्रोसेसर स्वतःच हळू होतो. तरी फरक नाही पडला तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा करायचा. फोन मध्येच बंद पडत असेल किंवा मागची बाजू फुगलेली दिसली तर बॅटरी सर्व्हिस सेंटरलाच बदला, फुगलेली तर लगेच, बाहेरच्या तीनशे रुपयांच्या बॅटरीच्या नादी लागू नका. आणि सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघून घ्या, ती वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल तर स्पीड कितीही सुधारला तरी त्या फोनवर बँकेचं आणि यूपीआयचं ॲप मी तरी ठेवणार नाही, गाणी ऐकायला घरात राहू दे.